विटेआधी कागद : बांधकाम परवान्याचा सरळ हिशेब



'जालना सोने का पालना' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कापूस आणि कापडाची पेठ म्हणून या गावाचे नाव झाले. पुढे बियाणे आणि लोखंडी सळईच्या कारखान्यांनी ते देशभर गेले. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये जालना नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. जमिनीचे भाव वाढले आणि त्याबरोबर जमिनीच्या कागदाची किंमतही वाढली. आपल्यापैकी पुष्कळांचे दुकान, गाळा, शिलाईचा कारखाना किंवा गोदाम मात्र आजही अशा इमारतीत आहे, जिचा मंजूर नकाशा घरात सापडत नाही.

धंद्यात आपण हिशेबाचे पक्के असतो. पाच मीटर कापड उधार दिले तरी वहीत नोंद करतो. पण पाच-दहा लाखांचा इमला उभा करताना गवंड्याच्या शब्दावर काम सुरू होते. नंतर बँक कर्ज नाकारते, वीज जोडणी अडते, भाऊबंदकी उठते किंवा एके दिवशी दारावर नोटीस लागते. ही वेळ येऊ नये म्हणून बांधकाम परवानगीचा सबंध मार्ग या लेखात क्रमाने मांडला आहे. हा लेख कापून ठेवावा आणि गरजेच्या वेळी काढावा.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. त्यामुळे सरकारी मराठी कागद हातात आला की आपण तो एजंटाकडे देऊन मोकळे होतो. वास्तविक घाबरण्याचे कारण नाही. अर्ज, नकाशा, दाखला, मंजुरी, मुदत, दस्त, सनद, तपशील, वारस, इमारत, जमीन हे सगळे शब्द आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. लिपीही तशी अवघड नाही. आपला कागद आपण स्वतः एकदा वाचावा, मग दुसऱ्याच्या हाती द्यावा.

१. परवानगी कोणाची?

पहिला प्रश्न हा की आपली जागा कोणाच्या हद्दीत येते. राज्यात बांधकामाचा मूळ कायदा एकच आहे : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. परंतु परवानगी देणारे कार्यालय जागेप्रमाणे बदलते.

जालना शहराच्या हद्दीत परवानगी महानगरपालिकेचा नगररचना विभाग देतो. अंबड, भोकरदन आणि परतूर येथे नगरपरिषदा आहेत. बदनापूर, घनसावंगी, मंठा आणि जाफराबाद येथे नगरपंचायती आहेत. औद्योगिक वसाहतीतील भूखंडासाठी महानगरपालिकेकडे जाऊन उपयोग नाही, तेथे एमआयडीसी हीच नियोजन प्राधिकरण असते. खेड्यात गावठाणाच्या आत ग्रामपंचायतीचा संबंध येतो. गावठाणाबाहेर, शेतजमिनीच्या बाजूला बांधायचे असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभागाची जिल्हा शाखा पाहावी लागते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. एक, ग्रामपंचायतीने नमुना ८ ला नाव लावले म्हणजे बांधकामास परवानगी मिळाली असे होत नाही. ते कर आकारणीचे दप्तर आहे. दोन, नगरसेवक किंवा सरपंच तोंडी 'बांधा, मी पाहतो' म्हणाले म्हणजे परवानगी झाली असे नाही. जालना महानगरपालिकेची पहिली निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. निवडून आलेल्या प्रतिनिधीकडे रस्ता, नळ, गटार यांची मागणी जरूर करावी. पण बांधकाम परवान्यावर सही अधिकाऱ्याचीच लागते आणि ती कागदावरच लागते.

२. जमिनीचा कागद आधी

अर्ज नाकारला जातो तो बहुधा नकाशातील चुकीमुळे नाही, तर जमिनीच्या कागदामुळे. म्हणून आर्किटेक्टकडे जाण्याआधी पुढील पाच गोष्टी तपासाव्या.

पहिली गोष्ट, नाव कोणाचे आहे? शहरातील जुन्या भागात, म्हणजे कादराबाद, सदर बाजार किंवा जुना जालना येथे, सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक असते. त्याला लोक पीआर कार्ड म्हणतात. शेतजमिनीला सातबारा असतो. गावठाणात ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देण्याची स्वामित्व योजना केंद्राने २०२० मध्ये सुरू केली. आपल्या गावात ती मोजणी झाली असेल तर आपले पत्रक काढून घ्यावे.

पुष्कळ घरांत आजही आजोबांचे नाव असते. चार भाऊ एकाच घरात, खाली दुकान, वर संसार, आणि कागदावर मरहूम आजोबा. अशा वेळी एका भावाने वर मजला चढवायचा म्हटले तर परवानगी मिळत नाही, कारण मालकी सर्वांची आहे. आधी वारस नोंद करावी. आणि वारस म्हटले की बहिणी आल्या. शरियतप्रमाणे त्यांचा हिस्सा ठरलेला आहे आणि १९३७ च्या शरियत कायद्यानेही तो मान्य आहे. त्यांचे नाव गाळून केलेली नोंद पुढे कोर्टात टिकत नाही. बहिणीचा हक्क देऊन किंवा तिची राजीखुशीची, नोंदणी केलेली सही घेऊन काम करावे. घरातही बरकत राहते आणि कागदही भक्कम राहतो.

वडिलांनी एका मुलाला तोंडी हिबा केला असेल तर मुस्लिम कायद्यात असा हिबा होऊ शकतो. पण देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा गेला, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. कार्यालयात केवळ शब्द चालत नाही. म्हणून वडील हयात असतानाच तो लिहून नोंदवून घेणे आणि नोंदीला लावणे शहाणपणाचे आहे.

दुसरी गोष्ट, दस्त नोंदलेला आहे काय? शंभर रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. बाँड पेपरवरील लिखाण, नोटरी केलेली इसार पावती किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात मुखत्यारपत्रावरील विक्रीबाबत हे स्पष्ट सांगितले आहे.

तिसरी गोष्ट, जमीन कोणत्या वर्गाची आहे? आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथे इनाम जमिनी पुष्कळ आहेत. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून खरेदी किंवा बांधकाम करू नये. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन आणि वक्फची जमीन यांबाबत अधिक सावध राहावे. वक्फची मालमत्ता कोणी मुतवल्लीने विकली तरी ती विक्री कायद्याने रद्दबातल ठरते. वक्फच्या गाळ्यात आपण भाडेकरू असाल तर भाडेपट्टा २०१४ च्या नियमांप्रमाणे आहे काय, वक्फ मंडळाची मंजुरी आहे काय, हे पाहावे. त्याशिवाय त्यात एक भिंतही वाढवू नये. आपला पैसा जातो आणि वक्फचेही नुकसान होते.

चौथी गोष्ट, जमीन बिगरशेती आहे काय? पूर्वी प्रत्येक वेळी एन.ए. चा वेगळा आदेश लागत असे. जमीन महसूल संहितेत २०१४ मध्ये कलम ४२-अ आणि २०१७ मध्ये ४२-ब, क, ड घालून विकास आराखड्यातील आणि गावठाणालगतच्या २०० मीटरपर्यंतच्या जमिनींसाठी ही अट सैल करण्यात आली. त्यानंतरही सरकार ही पद्धत सोपी करीत आले आहे. पण रक्कम भरून त्याची पावती घेणे आणि सातबारावर नोंद करून घेणे हे आपले काम आहे. तहसील कार्यालयात त्या दिवशीचा नियम विचारून मगच चलन भरावे.

पाचवी गोष्ट, विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवले आहे? नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. जागा रहिवास विभागात आहे, व्यापारी विभागात आहे, की त्यावर शाळा, बगीचा, रस्ता यांचे आरक्षण आहे, हे त्यात दिसते. कुंडलिका नदीच्या काठाजवळ जागा असेल तर पूररेषाही पाहावी. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि निळ्या व लाल रेषेच्या मध्ये जोते उंच ठेवण्यासारख्या अटी असतात. हा दाखला थोडक्या फीमध्ये मिळतो. जागा घेण्याआधी तो काढला तर पुढचे मोठे नुकसान टळते.

३. गुंठेवारीचा प्रश्न

आपल्या लोकांचा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. शहराच्या कडेला शेताचे तुकडे पाडून एक गुंठा, दीड गुंठा असे प्लॉट विकले गेले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, मीटरमध्ये सुमारे १०१. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. त्यामुळे या प्लॉटांची रीतसर खरेदी होत नसे. मग बाँडवर लिहून घेऊन पैसे दिले गेले, चार खोल्या आणि पुढे एक शटर उभे राहिले. विणकर, शिंपी, मोटार मेकॅनिक, वेल्डर, बेकरीवाले अशा हजारो माणसांची रोजी अशा वस्त्यांत आहे.

यासाठी राज्याने महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ केला. सुरुवातीला १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांनाच तो लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० करण्यात आली. त्या तारखेपूर्वीचा प्लॉट किंवा बांधकाम असेल तर फी भरून नियमित करून घेता येते. सरकारी जमीन, आरक्षणाची जमीन आणि दुसऱ्याच्या मालकीची जमीन मात्र त्यात बसत नाही. २०२५ मध्ये राज्याने शहरी हद्दीतील लहान तुकड्यांच्या जुन्या व्यवहारांसाठी तुकडेबंदी कायद्यातही सवलत देण्याचे ठरवले.

याचा अर्थ असा की मार्ग आहे, पण पुरावा आपल्यालाच द्यायचा आहे. जुने वीज बिल, कर पावती, बाँडची मूळ प्रत, मोजणी नकाशा हे जपावे. गल्लीतील दहा-वीस घरांनी मिळून एकच अभियंता लावला तर प्रत्येकाचा खर्च कमी होतो आणि रस्ता, गटार यांच्या रेषाही एकमेकांशी जुळतात. एकट्याने धावपळ करण्यापेक्षा मोहल्ल्याने एकत्र अर्ज करणे केव्हाही चांगले.

४. नियमावली आणि लहान भूखंडाची सवलत

पूर्वी प्रत्येक नगरपरिषदेचे बांधकाम नियम वेगळे असत. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. मुंबई, एमआयडीसी आणि थोडे अपवाद सोडले तर ती सर्वत्र चालते. भूखंडावर किती बांधता येईल, रस्त्यापासून किती जागा सोडायची, शेजाऱ्याकडे किती अंतर ठेवायचे, वाहनतळ किती, हे सर्व तिच्यात आहे.

किती बांधता येईल याच्या मोजमापाला चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. दाट वस्तीच्या गावठाण भागाबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे. उदाहरण घेऊ. प्लॉट ३० बाय ४० फूट, म्हणजे १२०० चौरस फूट. त्याला १.१० ने गुणले की १३२० चौरस फूट होतात. हे मूळ हक्काचे क्षेत्र झाले. त्यावर अधिमूल्य भरून आणखी क्षेत्र मिळते, ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. जिना, बाल्कनी यांसारख्या भागांसाठी पूरक क्षेत्रही पैसे भरून मिळते, घरासाठी ६० टक्क्यांपर्यंत आणि दुकान-कार्यालयासाठी ८० टक्क्यांपर्यंत. म्हणून 'आमच्या गल्लीत तीन मजले झाले, मीही तीन चढवतो' हा हिशेब चुकीचा आहे. त्याच्या समोरचा रस्ता आणि आपल्या समोरचा रस्ता एक नसतो.

लहान माणसासाठी या नियमावलीत मोठी सोय आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान बांधकामास नेहमीची परवानगी प्रक्रिया नाही. मालकीचा कागद, परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नियमानुसार नकाशा आणि ठरलेले शुल्क सादर करून पोच घेतली की काम सुरू करता येते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडास जोखमीच्या वर्गवारीनुसार दहा दिवसांत परवानगी द्यावी असे आहे. खेड्यातही या मापांपर्यंत अशीच सवलत आहे.

परंतु सवलतीचा अर्थ नीट समजून घ्यावा. कागद देऊ नका असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. अंतरे सोडावीच लागतात, शुल्क भरावेच लागते आणि नकाशाप्रमाणेच बांधावे लागते. मापही काटेकोर पाहावे. १५० चौरस मीटर म्हणजे सुमारे १६१४ चौरस फूट. आपला दीड गुंठा १६३३ चौरस फूट भरतो, म्हणजे थोडक्यात मर्यादेबाहेर जातो. कापडात दोन बोटे कमी पडली की सदरा बिघडतो, तसेच हे आहे.

५. अर्जापासून भोगवट्यापर्यंत

आता मोठ्या बांधकामाचा क्रम पाहू.

प्रथम परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता नेमावा. त्याचा परवाना चालू आहे काय हे पाहावे आणि मेहनताना लिहून ठरवावा. अर्ज आता संगणकावरच, राज्याच्या बीपीएमएस प्रणालीतून जातात. अर्ज भरताना मोबाईल क्रमांक आपला द्यावा, एजंटाचा देऊ नये. सर्व त्रुटीचे संदेश त्याच क्रमांकावर येतात. दुसऱ्याचा क्रमांक असला की अर्ज कोठे अडला ते मालकाला कळतच नाही.

अर्जासोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, खरेदीखत, भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, कर भरल्याची पावती, इमारतीचा नकाशा आणि मजबुतीबाबत स्ट्रक्चरल अभियंत्याचे पत्र लागते. छाननी झाली की विकास शुल्क आणि बांधकाम कामगार उपकर यांची मागणी येते. सर्व रक्कम चलनाने किंवा ऑनलाइन भरावी. ज्या रकमेची पावती नाही, ती रक्कम परवानगीच्या खर्चात धरू नये आणि देऊही नये.

त्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. ते एक वर्ष चालते. काम सुरू झाले नाही तर दरवर्षी मुदत वाढवून घ्यावी लागते आणि अशी वाढ एकूण तीन वर्षांपर्यंत मिळते. पुष्कळ लोक परवानगी काढतात, पैशाअभावी काम थांबवतात आणि पाच वर्षांनी जुन्याच कागदावर सुरू करतात. तो कागद तेव्हा मेलेला असतो.

जोते झाले की त्याची तपासणी करून घ्यावी. चूक असेल तर ती जोत्यावरच सापडते आणि दुरुस्तीचा खर्च थोडा येतो. स्लॅब पडल्यावर चूक सापडली तर तोडण्याशिवाय मार्ग राहत नाही. बांधताना बदल करावासा वाटला तर सुधारित नकाशा आधी मंजूर करून घ्यावा. शेवटी पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे.

हे शेवटचे प्रमाणपत्र आपल्याकडे बहुतेकांकडे नसते. इमारत झाली, उद्घाटन झाले, मग कोण फेऱ्या मारणार, असे होते. पण १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले की पाणी, वीज, मलनिस्सारण यांची जोडणी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहूनच द्यावी आणि बँकांनीही तारण इमारतीचे हे प्रमाणपत्र तपासूनच कर्ज द्यावे. धंदा वाढवण्यासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर या एका कागदावर गाडी अडते.

६. कारखाना आणि गोदाम यांच्या जादा अटी

घराच्या खालच्या खोलीत चार शिलाई मशीन बसवणे आणि वीस मशीनचा कारखाना काढणे यात फरक आहे. रहिवास विभागात लहान उद्योग चालतात, पण विजेचा भार आणि जागा यांना मर्यादा आहेत. अर्ज करताना 'दुकान व निवास' लिहून आत कारखाना चालवला तर तो वापरातील बदल समजला जातो. जे करायचे आहे तेच नकाशावर लिहावे. रंगकाम आणि छपाई यांसारख्या कामात, ज्यातून रंगाचे पाणी बाहेर जाते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी लागते.

कापडाच्या गोदामाला आगीचा धोका सर्वांत मोठा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची आणि जागा वापरणाऱ्याचीही आहे. जेथे यंत्रणा बसवणे आवश्यक आहे, तेथे ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जिन्याखाली गठ्ठे रचू नयेत, मागचा दरवाजा कुलूपबंद ठेवू नये. आग लागल्यावर विमा कंपनी प्रथम इमारतीचे आणि आगीचे कागद मागते. कागद नसले तर माल जळतो आणि दावाही अडकतो.

७. नोटीस आली तर

नोटीस आल्यावर ती फाडणे, न घेणे किंवा कोणाच्या ओळखीवर विसंबून स्वस्थ बसणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्या. नोटिशीवर कायद्याचे कलम आणि मुदत लिहिलेली असते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस असेल तर मुदतीच्या आत कलम ४४ प्रमाणे बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. नियमात बसणारा भाग मंजूर होऊ शकतो. न बसणारा भाग स्वतः काढला तर बाकीचे वाचते. बेकायदा बांधकामास कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूदही आहे, हे विसरू नये.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने पाडापाडीबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस, ती नोंदणी टपालाने पाठवणे आणि इमारतीवर लावणे, मालकाला समक्ष सुनावणी, कारणे देणारा अंतिम आदेश आणि त्यानंतरही १५ दिवसांची संधी, हे सर्व आवश्यक ठरवले. पाडकामाचे चित्रीकरणही करावे लागते. केवळ कोणी आरोपी आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही, हेही न्यायालयाने सांगितले.

मात्र याच निर्णयात एक अपवाद आहे, तो आपण ध्यानात घेतला पाहिजे. सार्वजनिक रस्ता, पदपथ, रेल्वे रूळ, नदी किंवा जलाशय यांवरील अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. दुकानासमोर नालीवर टाकलेला ओटा, पदपथावर पुढे काढलेले शेड हे यात येते. ग्राहकाला दोन पावले वर चढण्याची सोय म्हणून केलेले काम असले, तरी रस्ता सर्वांचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हक्क मारून केलेल्या धंद्यात भले नाही.

आणखी एक गैरसमज. 'आम्ही वीस वर्षे घरपट्टी भरतो, म्हणजे बांधकाम कायदेशीर आहे' असे लोक म्हणतात. महानगरपालिका कायद्याच्या कलम २६७-अ मध्ये स्पष्ट आहे की बेकायदा इमारतीवर कर आणि दंड घेतला म्हणून ती इमारत नियमित होत नाही. मोठ्या बांधकामाला हा दंड कराच्या दुप्पट असू शकतो.

८. आपले हक्क आणि त्यांच्या मुदती

कायद्याने फक्त आपल्यावर बंधने घातलेली नाहीत, कार्यालयालाही घातली आहेत. पूर्ण अर्ज दिल्यापासून किंवा त्रुटीचे उत्तर दिल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर कलम ४५ प्रमाणे परवानगी मिळाली असे मानले जाते. मात्र बांधकाम नियमावलीत तंतोतंत बसले पाहिजे. म्हणून या कलमावर काम सुरू करण्याआधी लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. परवानगी नाकारली तर कलम ४७ प्रमाणे ४० दिवसांत अपील करता येते.

लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित दाखल्यांना ठरलेली मुदत आहे. ती टळली तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे अपील, मग आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज कोठे अडला हे कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये फी भरून विचारावे, ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे.

आपल्या जागेवर आरक्षण पडून दहा वर्षे झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ प्रमाणे खरेदी सूचना देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कारवाई झाली नाही तर आरक्षण रद्द होते. आणि नवीन विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने नकाशा पाहून यावे. आराखडा मंजूर झाल्यावर केलेल्या तक्रारीला फारसे बळ राहत नाही.

शेवटी

प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने या महिन्यात एक फाइल करावी. तीत सहा कागद असावेत : मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, नोंदणीकृत दस्त, मोजणी नकाशा, मंजूर नकाशासह प्रारंभ प्रमाणपत्र किंवा लहान भूखंडाची पोच, भोगवटा प्रमाणपत्र आणि कराच्या पावत्या. जो कागद नाही त्याच्या जागी कोरा कागद ठेवून त्यावर त्याचे नाव लिहावे. मग एकेक कोरा कागद बदलत जावे. मुलांना ही फाइल कोठे आहे ते सांगून ठेवावे.

शिंपी आधी माप घेतो, मग कात्री लावतो. आपण मात्र इमारतीच्या बाबतीत आधी कात्री लावतो आणि मग माप शोधत फिरतो. ही उलटी रीत बदलली तर पुढच्या पिढीला दुकानाच्या किल्लीबरोबर त्याचा पक्का कागदही वारशात मिळेल.